सरणाआधी ठरवायच्या गोष्टी

१ जुलै २०२३ च्या रात्री दीडच्या सुमारास नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजा तालुक्यातल्या पिंपळखुट्याजवळ उलटली आणि पेटली. ३३ जणांपैकी २५ जण गेले. देह असे जळाले होते की आई-बापांनाही आपलं लेकरू ओळखू येईना. डीएनए तपासून ज्याचा त्याला देह द्यायचा तर कित्येक दिवस थांबावं लागणार होतं. अखेर नातेवाइकांशी बोलून दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात २४ जणांना एकत्रच अग्नी देण्यात आला आणि एकीचं तिच्या धर्माप्रमाणे दफन झालं.

त्याआधी दोन वर्षं, २० ऑगस्ट २०२१ ला, याच महामार्गाच्या कामावरचे मजूर आणि लोखंडी सळया घेऊन जाणारा टिप्पर याच तालुक्यातल्या दुसरबीडजवळ तढेगावच्या रस्त्यावर उलटला होता. सळयांखाली दबून १३ मजूर गेले. बहुतेक परराज्यातले. त्यांची घरं शेकडो कोस दूर, आणि इथं त्यांचं कुणीच नाही.

या भागातल्या माणसाला असं मरण नवं नाही. शेजारच्या देऊळगावराजा तालुक्यातलं मेहुणाराजा हे अनेक जण चोखोबांचं जन्मगाव मानतात. खडकपूर्णेच्या धरणाला संत चोखामेळ्यांचंच नाव आहे. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर वेठीला होते. भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर तेही गाडले गेले. परंपरा सांगते की नामदेवांनी त्या ढिगाऱ्यातून विठ्ठलनाम ऐकू येणारी हाडं तेवढी वेचली आणि पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी दिली. गेलेल्या माणसाला ओळखावं आणि त्याच्या हक्काच्या जागी पोचवावं, ही ओढ किती जुनी आहे हे त्या कथेतून कळतं.

अपघाताच्या दिवशी निवडीला वाव नसतो. पण आमच्या दुसरबीडच्या आसपास बहुतेक माणसं घरात, खाटेवर, म्हातारपणाने किंवा लांबलेल्या आजाराने जातात. तिथं वेळ होता, बोलता आलं असतं, आणि तरीही सगळे निर्णय डोळे मिटल्यावरच्या चार-पाच तासांत, रडारडीत, भावकीतला जो मोठ्याने बोलतो त्याच्या म्हणण्याने होतात. माझं म्हणणं या लेखात एवढंच आहे की पर्याय आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत, आणि ज्याचा देह त्याचा शब्द आधी विचारला पाहिजे.

गावाचं बळ काय आहे ते आधी नीट पाहू. माणूस गेल्याची खबर फुटली की अर्ध्या तासात अंगण भरतं. कुणी सांगत नाही, पण कामं वाटली जातात. दोघं-तिघं पोरं बांबू तोडून आणतात आणि सुतळीने तिरडी बांधायला बसतात. एक जण आरामशीनवर लाकडं मोजायला जातो. एका सरणाला साधारण तीन-चार क्विंटल लागतात, पावसाळ्यात लाकूड ओलं असेल तर गोवऱ्या आणि डिझेल वेगळं. कुणी दुकानातून पांढरं कापड, मडकं, बुक्का-गुलाल घेऊन येतो. बायका पाणी तापवतात. ओट्यावर एकच विचारणा चाललेली असते: मयत कधी उचलायची? पुण्याची लेक निघाली का, कुठवर आली? वारकऱ्याचं घर असेल तर टाळ येतात. मग वाटेत विसावा, खांदेपालट, सरणाभोवती पाण्याचं मडकं घेऊन फेरे, त्याला दगडाने पाडलेली भोकं. तिसऱ्या दिवशी राख सावडायची, दहाव्याला पिंड, आणि तेरवी. शहरात यातल्या प्रत्येक कामासाठी आता पैसे घेऊन सेवा देणारे आहेत. इथं शेजारी हे सगळं करतो आणि त्याचं बिल कधी येत नाही. हे जपायलाच हवं.

मात्र दहन हीच एक रीत आहे असं समजणं चुकीचं. याच पंचक्रोशीत लिंगायत घरात देह बसवून पुरतात, मुस्लिम बांधवांचं कब्रस्तान आहे, गोसावी-नाथपंथीयांच्या समाध्या आहेत. लहान लेकरू गेलं तर त्याला बहुतेक सगळ्याच समाजांत माती देतात. बौद्ध घरांत १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर पिंड आणि श्राद्ध गेलं. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतच ते न करण्याची प्रतिज्ञा आहे. तिथं त्रिशरण-पंचशील होतं, नंतर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. सिंदखेडराजा हे जिजाऊंचं जन्मस्थान, आणि १२ जानेवारी २००५ ला तिथंच मराठा सेवा संघाच्या पुढाकाराने शिवधर्माची घोषणा झाली. त्या विचारातली घरं राख नदीत न सोडता स्वतःच्या शेतात खड्ड्यात घालतात आणि वर आंबा नाहीतर वड लावतात. राहेरीजवळ खडकपूर्णेच्या पात्रात उन्हाळ्यात जी अवस्था असते ती पाहिली की ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. बापाच्या राखेवरचा आंबा नातू पाणी घालून वाढवतो, याहून चांगलं श्राद्ध कोणतं?

इथं महात्मा फुल्यांची गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्यांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र करून ठेवलं. आपला देह जाळू नये, मिठात घालून पुरावा ही त्यांची इच्छा होती. घराच्या मागे खड्डाही तयार होता. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले तेव्हा राहत्या वस्तीत दफनाला नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही आणि दहन करावं लागलं. टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढचं मडकं, कुणी धरायचं यावर भाऊबंदांनी दत्तक मुलाच्या हक्काचा वाद काढला, तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या, टिटवं हातात घेऊन अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि अग्नी त्यांनीच दिला. मुलीने अग्नी दिला की आज गावात चर्चा होते; त्या गोष्टीला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. या प्रसंगातून कामाचं ते एवढं: इच्छा लिहून ठेवणं पुरेसं नाही, तिच्यासाठी जागा आणि परवानगीही आधी बघून ठेवावी लागते. शेतात दफन किंवा समाधी हवी असेल तर ग्रामपंचायतीला आणि महसूल खात्याला ती गोष्ट जिवंतपणी विचारलेली बरी.

जागेचा प्रश्न हा आपल्या खेड्यांचा खरा दुखरा भाग. स्मशानभूमी आणि दफनभूमीची व्यवस्था हे ग्रामपंचायतीचं काम आहे. जनसुविधा योजनेतून शेड, ओटा, रस्ता, पाणी यासाठी निधी मिळतो. तरीही कितीतरी गावांत शेडचे पत्रे उडालेले असतात, जाळी गंजून वाकलेली असते, आणि वाट कुणाच्या तरी बांधावरून जाते. सोयाबीन उभं असताना शेतकरी नाही म्हणतो, कारण चाळीस माणसं एकदा गेली की चार तासं झोपतात. त्याचंही नुकसान खरंच आहे, म्हणून रस्ता कागदावर आणून त्याचा मोबदला देणं हाच उपाय. याहून जास्त टोचणारी गोष्ट म्हणजे जातवार स्मशानं. मोक्षधाम म्हणून कमान उभी असते, आणि दलित वस्तीतली मयत दुसऱ्या वाटेने, नाल्याकाठच्या उघड्या जागेत जाते. भर पावसात सरणावर पत्रे धरून माणसं उभी राहतात. सरकारी पैशातून बांधलेला ओटा गावातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाचा आहे. ज्या गावात तो तसा नाही, तिथल्या ग्रामसभेने आधी हा ठराव घ्यावा, बाकीची विकासकामं नंतर.

लाकडाला पर्याय आहेत, पण दुसरबीडपर्यंत ते अजून पोचलेले नाहीत. विद्युतदाहिनी आणि गॅसदाहिनी मुंबई-पुण्यात रुळली. छोट्या गावाला ती चालवणं परवडणारं नाही. नागपूरच्या दहनघाटांवर मात्र मोक्षकाष्ठ वापरतात, म्हणजे शेतातल्या टाकाऊ काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या विटकुरांचं सरण. आपल्याकडे कापसाची पऱ्हाटी आणि सोयाबीनचं कुटार दरवर्षी बांधावर पेटवलं जातं. इकडच्या एखाद्या बचत गटाने किंवा शेतकरी कंपनीने हे काम हाती घेतलं, तर कच्चा माल दाराशीच आहे आणि झाडंही वाचतील.

देहदानाचा विचार इथली माणसं बोलून दाखवतात, पण ते नेमकं होतं कसं हे माहीत नसतं. आधी संभाजीनगर किंवा अकोला गाठावं लागायचं; २०२४ पासून जालना आणि बुलढाण्यातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात इच्छापत्राचा अर्ज भरायचा, साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. पण मेल्यानंतर फोन करणारे आणि देह पोचवणारे हे घरचेच असतात. त्यांनी नाही म्हटलं की अर्ज पेटीतच राहतो. म्हणून अर्ज भरण्याआधी लेकरांना समोर बसवून सांगायचं. अपघाताने किंवा विषाने मृत्यू झाला, शवविच्छेदन झालं, काही संसर्गजन्य आजार असला, तर महाविद्यालय देह घेत नाही. तेव्हा दुसरा विचारही ठरलेला असावा.

नेत्रदान त्याहून सोपं. सहा तासांच्या आत व्हावं लागतं. डोळे मिटवून ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि नेत्रपेढीला फोन करायचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनाही देता येतं, चेहरा विद्रूप होत नाही, आणि नंतर नेहमीसारखा अंत्यविधी करता येतो. ऑपरेशनसाठी जालन्याच्या गणपती नेत्रालयात या भागातली कितीतरी म्हातारी माणसं जाऊन आली आहेत. ज्यांना नजर परत मिळाली त्यांना हे दान सांगायला वेळ लागत नाही. किडनी, यकृत असे अवयव मात्र मेंदू मृत झालेल्या रुग्णाचे, मोठ्या दवाखान्यातच काढता येतात. घरी गेलेल्या माणसाच्या बाबतीत तो पर्याय नसतो.

आता कागद. दुःखात कागदाचं नाव काढणं निर्दयपणाचं वाटतं, पण सगळ्यात जास्त घरं इथंच उघडी पडलेली मी पाहिली आहेत. शेतात काम करताना पान लागलं म्हणजे साप चावला, वीज पडली, विहिरीत पाय घसरला, ट्रॅक्टर उलटला. हा नैसर्गिक मृत्यू नव्हे. पोलिसांना कळवून मर्ग दाखल करावा लागतो, पंचनामा आणि शवविच्छेदन होतं. लोक म्हणतात, कशाला पीएम, कशाला त्याची चिरफाड. आणि संध्याकाळच्या आत उरकून टाकतात. नंतर कळतं की गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतले २ लाख रुपये मिळायला तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अर्ज हवा, आणि अर्जासोबत पोलिसांचा अहवाल, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल किंवा वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला यांपैकी जो लागू असेल तो. बँकेतून वर्षाला २० रुपये कापले जातात त्या सुरक्षा विम्याचे २ लाखही असल्याच कागदांवर अडतात. ४३६ रुपयांच्या जीवनज्योती विम्याला अपघाताची अट नाही; पण घरच्यांना तो असल्याचं ठाऊकच नसतं, पासबुकातली ती नोंद कुणी वाचत नाही. शेतकऱ्याने आत्महत्या केली असेल तर लाजेपोटी घाई होते. त्या घराला सरकारची १ लाखाची मदत मिळू शकते, आणि तीही पंचनाम्यावाचून मिळत नाही. शेजाऱ्यांनी अशा वेळी विधवेच्या बाजूने उभं राहून म्हणावं: एक रात्र थांबू, पोलीस येऊ द्या. पुरेसा उजेड आणि सोय असेल तिथं, आत्महत्येसारखी प्रकरणं सोडून, सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करायला केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये मुभा दिली. पण ग्रामीण रुग्णालयात बहुधा सकाळचीच वाट पाहावी लागते. त्या रात्री बर्फ आणि एक विश्वासाचा माणूस, एवढं गावाने पुरवावं.

दवाखान्यात मृत्यू झाला तर आणखी दोन गोष्टी. १०८ ची रुग्णवाहिका मयत नेत नाही, शववाहिका किंवा खासगी गाडी बघावी लागते; जालना-संभाजीनगरहून येताना ते भाडं ऐन वेळी भारी पडतं. आणि बिल थकलं म्हणून देह अडवून ठेवता येत नाही, हे रुग्णहक्कांच्या सनदेत स्पष्ट आहे. हे वाक्य दवाखान्याच्या काउंटरवर शांतपणे म्हणता आलं पाहिजे.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत करायची. तेवढ्यात केली तर कटकट नसते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याच्या आदेशापर्यंत जावं लागतं, आणि दाखल्याअभावी बँक, विमा, पेन्शन, वारस सगळं थांबतं. घरी मृत्यू झाला असेल तर शेवटी तपासलेल्या डॉक्टरकडून कारणाचा दाखला लगेच घ्यावा. दाखल्यावरचं नाव आधार आणि सातबाऱ्याशी अक्षरशः जुळतं का, ते तिथंच उभं राहून वाचावं. ‘भाऊराव’चा ‘भावराव’ झाला तर तहसीलच्या चकरा दोन-दोन वर्षं संपत नाहीत.

सातबाऱ्यावर मेलेल्या आजोबांचं नाव राहणं हा आपल्याकडचा जुना रोग. त्यासाठी ‘जिवंत सातबारा’ ही मोहीम २०२५ च्या मार्चमध्ये आपल्या बुलढाणा जिल्ह्यातच आधी राबवली गेली आणि मग राज्यभर नेली. वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवावं असं महसूल कायदा सांगतो. ते न केल्यामुळे पीककर्ज, अनुदान, भूसंपादनाचा मोबदला अडकलेली कुटुंबं समृद्धीच्या पट्ट्यात भरपूर सापडतील. मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात, आणि ज्यांना त्यात काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नये. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. बँकेत नॉमिनी लावला म्हणजे पैसा त्याचा झाला, हाही गैरसमज. कालनिर्णयकार जयंत साळगावकरांच्या कुटुंबातल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीत पुन्हा हेच सांगितलं की नॉमिनी मालक होत नाही, वारसांचा हक्क राहतो. मुलींची नावं वारसात लावायची, हक्कसोड लिहून घ्यायची असेल तर ती तेराव्याच्या रडारडीत नाही. एवढं तरी पाळलं जावं.

या सगळ्याच्या आधीचा काळ, म्हणजे शेवटचे आठवडे, त्याबद्दल आपण सगळ्यात कमी बोलतो. संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयातून कुणाला ‘आता घरी न्या, सेवा करा’ म्हणून पाठवलं की घरचे लोक दोन वाटांवर येतात. एक, एकर विकून आणखी मोठा दवाखाना. दुसरी, घरी खाट आणि रात्रभर कण्हणं. तिसरी वाट आहे: वेदनाशमनाची सेवा. मॉर्फिनसारख्या औषधाने कर्करोगाचं दुखणं आटोक्यात येतं. २०१४ मध्ये कायदा बदलून मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते देणं सोपं करण्यात आलं. रुग्णालयातून निघताना डॉक्टरांना थेट विचारावं: दुखणं थांबवायला काय देता, आणि ते संपलं की कुठून आणायचं? आशा ताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला ही गोष्ट कळवावी. जखम धुणं, कूस बदलणं, तोंड ओलं ठेवणं हे घरचे शिकू शकतात.

कृत्रिम श्वासावर ठेवायचं की नाही, याचा निर्णय माणूस आधीच लिहून ठेवू शकतो. मुंबईच्या केईएममध्ये ४२ वर्षं निपचित पडलेल्या अरुणा शानबाग यांच्या खटल्यात २०११ मध्ये हा प्रश्न देशापुढे आला, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा इच्छापत्राला मान्यता दिली, आणि जानेवारी २०२३ मध्ये रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. आपल्या वतीने बोलणाऱ्याचं नाव त्यात घालायचं. खेड्यात फार थोडे जण व्हेंटिलेटरपर्यंत पोचतात हे खरं. पण जो पोचतो त्याच्या मुलांवर ‘बापासाठी पैसा लावला नाही’ हा बोल येऊ नये म्हणून शेत विकलं जातं. बापानेच आधी लिहून दिलं असेल, तर तो बोल कुणी लावू शकत नाही.

आणि मागे राहणारी बाई. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनी तसं करावं असं परिपत्रक काढलं. हे थांबवायला पुरुषाचा जिवंतपणीचा एक शब्द फार उपयोगी पडतो: माझ्यामागे तिच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. तेरवीबद्दलही तेच. कर्ज काढून पंगती घालू नका असं गाडगेबाबा वऱ्हाडभर सांगत फिरले. आपण त्यांचे फोटो लावतो आणि पाहुण्यांच्या तोंडाकडे बघून बुंदी पाडतो. ज्याच्या नावाने जेवण आहे त्याने ‘नको’ म्हटलेलं असलं की मुलाची मान खाली जात नाही.

म्हणून साठी उलटलेल्या प्रत्येकाने एक कागद करावा. लिहिता येत नसेल तर नातीकडून लिहून घ्यावा, गावातल्या चारचौघांसमोर वाचून दाखवावा. दहन की दफन, की देहदान, डोळे द्यायचे का, राख कुठं, अग्नी कोण देणार, मुलगा की मुलगी, पुण्या-मुंबईच्या माणसांसाठी किती थांबायचं, तेरवी करायची की त्या पैशात शाळेला काही द्यायचं, बायकोच्या बांगड्यांचं काय, विमा, पासबुकं, देणं-घेणं कुठं लिहिलेलं आहे. खाली तारीख, सही किंवा अंगठा, दोन साक्षी. हा कागद कुलूप लावलेल्या पेटीच्या तळाशी नको, कारण मयत उचलेपर्यंत ती पेटी कुणी उघडत नाही. तो रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावा, आणि त्याची एक प्रत घराबाहेरच्या अशा माणसाकडे द्यावी जो त्या दिवशी ओट्यावर उभा राहून भावकीपुढे तो वाचायला कचरणार नाही.